मेडिकल, डेंटल की आयुर्वेद: मन ठरत नसताना केईएचे ऑप्शन कसे भरावेत

जूनमध्ये नीटचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कितीतरी मराठी घरांत तोच पेच सुरू होतो. मार्क एमबीबीएसला पुरतील याची खात्री नसते आणि सोडून द्यावेत इतके ते कमीही नसतात. मुलगी म्हणते, "दवाखान्याच्या क्षेत्रातच जायचंय, पण नक्की कशाला ते कळत नाही." मी हायस्कूलला शिकवते. आमच्या शाळेतून पुढे गेलेल्या मुलांचे आणि नात्यातल्या पोरांचे हे अर्ज गेली बरीच वर्षं माझ्या घरच्या टेबलावरच भरले जातात. या काळात या मुलांना मिळणारा एक सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता तो कानावर पडला तरी राग येतो: "एमबीबीएस नाही मिळालं तर बीडीएस (डेंटल), ते नाही तर बीएएमएस (आयुर्वेद), ते नाही तर बीएचएमएस (होमिओपॅथी), अगदीच काही नाही तर नर्सिंग." ही काय जिन्याची पायरी आहे का? प्रत्येक कामाचा दिवस वेगळा, हात वेगळा, माणसाशी बोलायची रीत वेगळी. जिन्यावरून घसरत एखाद्या कोर्सला पोचलेली मुलं दुसऱ्या वर्षी रडत घरी आलेली मी पाहिली आहेत.

केईएची, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची, नोंदणी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते, तेव्हाच करून टाका. फक्त नीटवरच जायचं असलं तरी करा आणि सोबत केईएची सीईटीही द्या. बी.फार्म, बीएससी नर्सिंग, पशुवैद्यकीय या वाटा सीईटीवर आहेत, आणि मन ठरलेलं नसताना एक दार उगाच बंद करू नये.

अर्जातल्या बहुतेक रकान्यांत सांगण्यासारखं काही नाही. चार रकाने मात्र आपल्या भागातल्या मुलांनी दोनदा वाचावेत. पहिला जातीचा. कर्नाटकात मराठा समाज 3बी प्रवर्गात येतो आणि दाखला तहसीलदाराचा, महसूल खात्याचा आरडी नंबर असलेला लागतो. कोल्हापूरच्या मामाकडचा महाराष्ट्रातला दाखला इथे चालत नाही. दुसरा रकाना ग्रामीणचा, 15 टक्क्यांचा. पहिली ते दहावी अशी दहाही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत काढली असतील तर तो मिळतो आणि शाळा मराठी माध्यमाची असली तरी मिळतो. हे कित्येक पालकांना माहीतच नसतं. हेडमास्तरांच्या सहीवर बीईओची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) प्रतिस्वाक्षरी मात्र हवी, आणि ती अर्ज भरायच्या आठवड्यात मागायला गेलात तर हेलपाटे घालाल. तिसरा, कन्नड माध्यमाचा 5 टक्क्यांचा. कन्नड हा विषय शिकलो म्हणजे कन्नड माध्यम होत नाही. अर्ज भरून देणारा सेंटरवाला घाईत तिथे 'होय' करतो आणि पडताळणीत ते उडतं. चौथा, घटनेच्या कलम 371(जे) चा. 2012 च्या घटनादुरुस्तीने आलेली ही सवलत बिदर, कलबुर्गी, रायचूर, बळ्ळारी या पट्ट्यासाठी आहे. बेळगाव जिल्हा त्यात नाही.

ऑप्शन, म्हणजे कोर्स आणि कॉलेजांची पसंतीक्रमाची यादी, भरायची खिडकी उघडण्याआधी मुलाला दोन-तीन ठिकाणी नेऊन बसवा. हे ऐकून पालक हसतात. मी मात्र हे केल्याशिवाय कुणाचा अर्ज हातात घेत नाही. ओळखीच्या दंतवैद्याकडे एक सकाळ, सिव्हिलच्या ओपीडीबाहेर एक दिवस, फिजिओथेरपीच्या खोलीत एक दुपार. आमच्याकडच्या एका मुलीला डेंटलच हवं होतं. दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी ती दोन तास उभी राहिली. एकाच दाढेवर पाऊण तास काम चाललं होतं, डॉक्टर मान वाकडी करून आत बघत होत्या, पाणी ओढणाऱ्या नळीचा आवाज अखंड चालू. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मावशी, मला एवढं बारीक काम जमणार नाही." त्याच आठवड्यात तिने पक्षाघात झालेल्या एका आजींना फिजिओथेरपीच्या खोलीत पहिल्यांदा चमचा धरताना पाहिलं. चमचा तीनदा पडला. चौथ्यांदा तोंडापर्यंत पोचला तेव्हा त्या खोलीतल्या ताईंनी टाळ्या नाही वाजवल्या, फक्त चमचा पुन्हा ताटात ठेवला आणि म्हणाल्या, "परत." घरी येऊन ती तासभर त्याविषयीच बोलत होती. आज ती फिजिओ शिकते आहे.

कोर्सची वर्षंही याच वेळी वहीत लिहून ठेवा. एमबीबीएस, बीएएमएस आणि बीएचएमएस साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. बीडीएस इंटर्नशिप धरून पाच. बीएससी नर्सिंग आणि बी.फार्म चार, फार्म.डी सहा. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस या सगळ्यांना नीट लागते. 'आयुर्वेदाला नीट लागत नाही' असं सांगणारा कुणी भेटला तर त्याचं पुढचं काहीच ऐकू नका.

आता ऑप्शन एंट्री. सगळी मेख इथेच आहे, आणि मीही इथेच चुकले होते.

माझ्या भाचीच्या वेळची गोष्ट. डेंटल की आयुर्वेद हे तिचं ठरत नव्हतं, आणि आम्ही एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये बसून ऑप्शन भरत होतो. तिथला माणूस म्हणाला, "जे मिळण्यासारखं आहे ते वर टाका, नाहीतर हातचंही जाईल." मला ते पटलं. जवळच्या खासगी डेंटल कॉलेजच्या सीट वर टाकल्या आणि बळ्ळारीचं सरकारी डेंटल कॉलेज खाली, 'ते कुठलं मिळतंय' म्हणून. पहिल्या फेरीत खासगी सीट लागली. नंतर लागलेल्या सीटच्या यादीत पाहिलं तर तिच्या मागच्या रँकच्या, तिच्याच प्रवर्गातल्या मुलाला बळ्ळारी मिळालेलं. आमची यादी उलटी नसती तर ती सीट तिचीच होती. फीमधला फरक भरायला बहिणीने दागिने गहाण ठेवले. त्या दिवसापासून मी कुणालाही 'मिळण्यासारखं वर टाका' असं म्हणू देत नाही.

कारण यंत्रणा चालते ती अशी. संगणक तुमच्या रँकवर येतो आणि तुमची यादी वरून खाली वाचत जातो. जो पहिला ऑप्शन तुमच्या रँकला, तुमच्या प्रवर्गात शिल्लक असेल, तो तुम्हाला देतो आणि त्याखालचे सगळे ऑप्शन रद्द करतो. वर अशक्य वाटणारे दहा ऑप्शन ठेवल्याने खालच्या अकराव्याची शक्यता एका केसाने कमी होत नाही. उलट मिळण्यासारखं वर ठेवलंत तर त्याहून चांगलं, मिळू शकणारं, आपल्याच हाताने पुसलं जातं. म्हणून यादी फक्त आवडीच्या क्रमाने लावायची. गेल्या वर्षीचा कटऑफ क्रम ठरवत नाही. यादी किती खालपर्यंत न्यायची एवढंच तो सांगतो. आणि कटऑफ पाहायचा तर स्वतःच्या कोडचा पाहा. 3बी ग्रामीणमधल्या मुलीने 3बीआर (3बी ग्रामीण), 3बीजी (3बी सर्वसाधारण) आणि जीएम (खुला) हे रकाने पाहावेत, शेजारच्या मुलाचा नव्हे.

पण ज्याचं मनच ठरलेलं नाही तो आवडीचा क्रम लावणार कसा? त्यासाठी मी चिठ्ठ्या करते. मुलाला 'तुला काय व्हायचंय' असं विचारून काही उपयोग नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी त्याचं उत्तर नसणं साहजिक आहे. त्यापेक्षा छोटा प्रश्न विचारायचा. वहीचं पान फाडून तुकडे करा, प्रत्येकावर एकच गोष्ट लिहा: कोर्स, कॉलेज आणि फी. 'एमबीबीएस, बेळगावचं बिम्स, सरकारी सीट.' 'एमबीबीएस, कारवार, सरकारी.' 'बीएएमएस, शिवमोग्गा सरकारी.' 'बीडीएस, खासगी कॉलेज, सरकारी कोट्याची सीट.' 'तेच कॉलेज, खासगी कोट्याची सीट.' शेवटच्या दोन वेगळ्या चिठ्ठ्या आहेत, कारण कॉलेज एक असलं तरी फी वेगळी आणि यादीतला ऑप्शनही वेगळा. हे न समजता दोन्ही लागोपाठ टाकणारे पालक फीचा आकडा पाहून हबकतात.

मग पहिला हात आई-वडिलांचा. फीला पूर्ण वर्षांनी गुणा, त्यात हॉस्टेल आणि मेसचा खर्च मिळवा, आणि जी चिठ्ठी झेपत नाही ती मुलासमोर, कारण सांगून बाजूला काढा. हे आधीच करा. मुलाने मन लावून क्रम लावल्यावर वरची चिठ्ठी काढून घेणं फार वाईट. कर्ज काढायचं की नाही, शेत विकायचं की नाही, ते याच वेळी उघड बोला.

त्यानंतर मोठ्यांनी गप्प बसायचं. चटईवर चिठ्ठ्या पसरा, दोन उचला आणि विचारा, "दोन्ही सीट आत्ता हातात आहेत, उद्या सकाळी एकाच ठिकाणी जायचंय. कुठे जाशील?" जी निवडली ती वर. मग तिसरी उचला, वरच्याशी ताडून पाहा, नाहीतर खालच्याशी. अशा वेळी मनातलं बाहेर येतं. एका मुलाने खासगी डेंटलपेक्षा बेळगावातलं नर्सिंग वर ठेवलं, आणि वडील काही बोलायच्या आत म्हणाला, "बाबा, मला वॉर्डात राहायला आवडतं." वडिलांचा चेहरा पडला होता, पण ते गप्प राहिले, आणि त्यांचं गप्प राहणं मला फार मोठं वाटलं. क्रम तासाभरात लागतो. एखाद्या जोडीवर मूल पाच मिनिटं अडलं तर अडू द्या. रात्री झोपून सकाळी तीच जोडी पुन्हा विचारा.

शेवटची चाळणी अशी: प्रत्येक चिठ्ठीला एकदा विचारा, "फक्त हीच लागली तर जाशील?" उत्तर 'बघू' असेल तर ती चिठ्ठी फाडून टाका. यादी भरगच्च दिसावी म्हणून नको असलेला ऑप्शन ठेवणं ही या सगळ्या प्रक्रियेतली सगळ्यात महागडी चूक आहे, कारण ती सीट खरोखर लागते. दुसऱ्यांदा नीट द्यायची असेल तर तेही चिठ्ठीवर लिहा, 'एक वर्ष पुन्हा तयारी', आणि क्रमात ठेवा. त्या चिठ्ठीच्या खालचं काहीही भरायचं नाही. एकदा रिपीट करायला माझी हरकत नाही. तिसऱ्यांदा करायला आहे.

मेडिकल, डेंटल, आयुष आणि सीईटीचे कोर्स एकाच यादीत घ्यायचे की वेगवेगळ्या, हे त्या वर्षीच्या केईएच्या सूचनेत पाहा. नियम वर्षागणिक थोडे हलतात. चिठ्ठ्यांचा क्रम दोन्ही परिस्थितींत कामाला येतो.

मॉक अलॉटमेंट, म्हणजे सीटवाटपाची रंगीत तालीम, आली की घाबरून क्रम बदलू नका. ती सीट नसते, आणि मॉकनंतर बरेच जण आपले ऑप्शन बदलतात. मॉकमध्ये काहीच लागलं नाही तर यादी खाली वाढवा, वरचं हलवू नका.

खरी सीट लागल्यावर चार चॉइस समोर येतात. चॉइस एक: सीट पसंत, पैसे भरून जातो. चॉइस दोन: पैसे भरून सीट धरून ठेवतो, पण वरचं काही मिळालं तर हवं. चॉइस तीन: सीट सोडतो, पुढच्या फेरीत बसतो. चॉइस चार: बाहेर. न ठरलेल्या मुलांसाठी बहुतेकदा चॉइस दोनच योग्य, पण त्यात एक खाच आहे. पुढच्या फेरीत वरचं काही लागलं की हातातली सीट आपोआप जाते. विचारत कुणी नाही. तोवर मन बदललं असेल, लागलेल्या कॉलेजात जाऊन तेच आवडलं असेल, तर दुसऱ्या फेरीआधी वरचे नको झालेले ऑप्शन काढून टाका. चॉइस तीन मी आजवर फार थोड्या मुलांना घ्यायला लावला आहे.

केईएपलीकडच्या दोन वाटा सीमाभागातल्या मुलांनी विसरू नयेत. सरकारी कॉलेजांच्या 15 टक्के जागा आणि डीम्ड (अभिमत) विद्यापीठांच्या जागा एमसीसी ही केंद्राची समिती भरते. बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज डीम्ड विद्यापीठातलं, म्हणून ते केईएच्या यादीत शोधत बसू नका. आयुषची (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) अखिल भारतीय फेरी एएसीसीसी या केंद्राच्याच दुसऱ्या समितीकडे. दुसरी वाट महाराष्ट्राच्या सीईटी सेलची. वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांतल्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी तिथे वेगळ्या जागा असतात, बोटांवर मोजण्याइतक्या. दहावी-बारावी सीमाभागातून झाल्याचे आणि मातृभाषेचे दाखले त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच घ्या, आणि गावाचं नाव यादीतल्या स्पेलिंगशी ताडून पाहा. सगळीकडे नाव नोंदवा, चिठ्ठ्यांचा क्रम तोच ठेवा, आणि दुसऱ्या फेरीपासून पुढे कुठेही सीट घेण्याआधी सोडल्यास अनामत बुडते का, दुसरीकडचा हक्क जातो का, ते वाचा.

कॉलेजात हजर व्हायला जाताना मूळ कागद, झेरॉक्सचे तीन संच आणि पैसे भरल्याचं चलन न्या. मूळ कागद जमा करून घेतले की कुठले कुठले घेतले त्याची सही-शिक्क्याची पावती मागा, आणि ती हातात आल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.