मटणाच्या वाटणात काळे वाटाणे

ह्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसला त्याला दोन वर्षं झाली. गोळ्या डॉक्टरांच्या, पण लालबागच्या आमच्या खोलीतला ओटा माझा. तेल-मीठ लगेच कमी केलं. पोटातल्या जिवाणूंचं मात्र मुलीने समजावलं. कोंडा, साली, कडधान्यांतला चोथा, म्हणजे फायबर, आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो खाऊन ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, आतड्याचं अस्तर त्यावर पोसतं. उलट मटणातल्या कार्निटिन नावाच्या घटकापासून काही जिवाणू टीएमए नावाचं द्रव्य बनवतात, यकृतात त्याचं टीएमएओ हे दुसरं द्रव्य होतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या स्टॅनली हेझन यांच्या गटाने 2011 पासून त्याचा हृदयविकाराशी संबंध दाखवलाय. आता समुद्राच्या मासळीत टीएमएओ तयारच असतं, तरी मासळी हृदयाला चांगलीच म्हणतात. तेव्हा सगळं खापर एकट्या टीएमएओवर फोडू नये.

करायचं काय? कणीक चाळायची नाही. दिवसाला निदान 25 ग्रॅम चोथा पोटात जावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण एकदम वाढवू नका. मी पहिल्याच दिवशी मोठी वाटी भरून मटकीची उसळ वाढली आणि रात्रभर ह्यांचं पोट ढोलासारखं. आठवडाभर दोन-तीन चमचेच द्या, मग डावभर. पाणीही जास्त प्यायला लावा.

मोड आणायची मुंबईत वेगळीच तऱ्हा. मटकी रात्री भिजवा, सकाळी ते पाणी ओता. पावसाळ्यात फडक्यात घट्ट बांधली तर संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो, हाताला तार लागते; ती सरळ फेका. चाळणीत पसरून वर ओलं फडकं टाका, दिवसातून दोनदा धुवा. मोड तांदळाएवढे झाले की पुरे. कच्चे खाऊ नका, शिजवाच.

ताक रोज, बिनमिठाचं, त्यातल्या जिवंत जिवाणूंसाठी. कढी उकळली की जिवाणू मेले, ती चवीपुरती. आणि वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर पालेभाजी मनानेच वाढवू-घटवू नका, डॉक्टरांना विचारा.

मटण आता महिन्यातून एकदाच. बाकीच्या रविवारी तेच भाजल्या खोबऱ्याचं वाटण, पण काळ्या वाटाण्यांत. पहिल्यांदा हे ताटाकडे बघून म्हणाले, "आज कोणाचं श्राद्ध?" परवा मात्र पातेलं पुसून खाल्लं.