व्यापार आणि प्रादेशिक विषमता : विचार तपासणारे प्रश्न काढताना या चुका टाळा

'कारणे द्या' किंवा 'स्पष्ट करा' लिहिले म्हणून प्रश्न विचाराचा होत नाही. 'गोव्यातील खाणबंदीचे परिणाम स्पष्ट करा' हा नेहमीचाच प्रश्न घ्या. परिणामांचे पाच मुद्दे वहीत उतरवून दिलेले असतात, मुले ते आठवून लिहितात आणि संविधान तक्त्यात (प्रश्नपत्रिकेच्या आराखड्यात) त्यासमोर 'विश्लेषण' अशी नोंद होते. ओळखायची खूण सोपी आहे : उत्तर वहीत सलग सापडत असेल तर तो स्मरणाचा प्रश्न.

उपाय म्हणजे तपशील प्रश्नातच देऊन टाकायचा. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवले. एप्रिल 2014 मध्ये बंदी उठवताना वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली. फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाण लीजांचे (खाणपट्ट्यांच्या भाडेकरारांचे) नूतनीकरण रद्द केले. एवढे छापा आणि विचारा : डिचोलीचा ट्रकमालक, मांडवी नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जचा (सपाट मालवाहू बोटीचा) खलाशी, मुरगाव बंदरातला कामगार आणि कळंगुटचा हॉटेलवाला, यांपैकी झळ कोणाला आधी, कोणाला उशिरा, आणि का? खाण, ट्रक, जेटी, बार्ज, बंदर ही साखळी ज्याला कळली तोच क्रम लावू शकतो. एखाद्याने 'ट्रकमालकाला कर्जाचे हप्ते असतात, म्हणून त्याला आधी' असे लिहिले तर तेही ग्राह्य धरा. 'सर्वांचे नुकसान झाले' एवढ्याच उत्तराला मात्र एकापेक्षा जास्त गुण नकोत.

दुसरी चूक आकडे देताना होते. मुरगाव बंदराचा आयात-निर्यातीचा आलेख 'गोव्याचा व्यापार' या शीर्षकाखाली सर्रास छापला जातो. या बंदरात उतरणारा बराच कोळसा घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो, आणि बळ्ळारी-होस्पेट पट्ट्यातले लोहखनिजही इथून परदेशी गेले आहे. शीर्षक चुकले की हुशार मूलही 'गोव्यात कोळशाचा वापर प्रचंड' असा निष्कर्ष काढते, आणि दोष त्याचा नसतो. 'मुरगाव बंदरातून हाताळलेला माल' असे नेमके शीर्षक द्या. मग एक उपप्रश्न जोडा : 'या आलेखावरून गोव्याबद्दल काय सांगता येणार नाही?' दोन गुणांच्या या उपप्रश्नात जेवढे कळते तेवढे दहा ओळींच्या निबंधात कळत नाही.

सगळ्यात जास्त घोळ सरासरीचा आणि फरकाचा. गोव्याचे दरडोई उत्पन्न देशात वरच्या क्रमांकांत आहे, म्हणून सांगे किंवा सत्तरी या डोंगराळ तालुक्यांतले घर किनाऱ्याकडच्या तिसवाडी तालुक्यातल्या घराइतकेच सुस्थितीत, असे सिद्ध होत नाही. हे तपासायला छोटा तक्ता पुरतो. त्यावर 'आकडे काल्पनिक' असे ठळक लिहा, नाहीतर मुले ते खरे म्हणून पाठ करतात.

व्यापार वाढण्यापूर्वी : भाग क 100, भाग ख 40
व्यापार वाढल्यावर : भाग क 150, भाग ख 64

विषमता वाढली की कमी झाली? ख 60 टक्क्यांनी वाढला, क 50 टक्क्यांनी. क हा ख च्या अडीच पट होता, आता साधारण 2.34 पट. म्हणजे विषमता घटली. पण दोघांतले अंतर 60 वरून 86 वर गेले. म्हणजे ती वाढली! दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. चूक होते ती नमुना उत्तरात एकच लिहून दुसऱ्याला शून्य देण्यात. पाच गुण असे वाटा : कोणते माप वापरले ते सांगणे 1, आकडेमोड 2, त्यावरून निष्कर्ष 1, दुसऱ्या मापाने वेगळे चित्र दिसते हे ओळखणे 1. शेवटचा गुण फार थोड्यांना मिळेल. मिळू द्या, तो त्यासाठीच आहे.

'सांगे-सत्तरी मागे का?' या प्रश्नाला 'डोंगराळ म्हणून मागास' हे उत्तर पूर्ण गुणांचे मानू नका. खनिज डोंगरातलेच, तरी ते कच्चे बाहेर गेले आणि पोलाद जपान-चीनमध्ये झाले. शिवाय जुन्या काबिजादींवर (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या, तिसवाडीसारख्या भागांवर) पोर्तुगीज राजवट 16व्या शतकापासून होती, नव्या काबिजादी (सांगे-सत्तरीसारखे भाग) 18व्या शतकाच्या उत्तरार्धात जोडल्या गेल्या. भूगोलासोबत इतिहासाचा किंवा व्यापाराचा एक तरी धागा आला पाहिजे.

खाण सुरू असावी की नसावी, या मताला गुण नाहीत. वर्गात दोन्ही बाजूंची घरे असतात. गुण पुराव्याचे.

आणि तपासणी सुरू करण्यापूर्वी दोन शिक्षकांनी त्याच 10 उत्तरपत्रिका वेगवेगळ्या तपासाव्यात. गुण पेन्सिलीने वेगळ्या कागदावर. पाच गुणांच्या प्रश्नात एकापेक्षा जास्त गुणांचा फरक तीन-चार ठिकाणी पडला, तर गुणदानाचे निकष मोघम आहेत. उरलेला गठ्ठा उघडण्याआधी ते दुरुस्त करा.