कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या मुलांना अंधारात ठेवताय? या चुका टाळा

माझ्या मुलीला तेराव्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला, त्यातला एएलएल (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) हा प्रकार. पहिला महिनाभर आम्ही तिला ‘रक्तात इन्फेक्शन आहे’ एवढंच सांगितलं. नातेवाइकांना ताकीद दिली, फाइल गादीखाली ठेवली. तिने मात्र फाइलवरचं नाव शेजारच्या बेडवरच्या मुलाच्या मोबाइलवर कधीच शोधलं होतं, आणि आम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिली होती. गप्प राहायची ती सवय पुढे आम्हाला महाग पडली.

‘थोडं सहन कर’ म्हणणं. केमो चढत असताना ती म्हणाली, “आई, सुईपाशी जळतंय.” मी म्हटलं, “झालंच बाळा, पाच मिनिटं.” सिस्टरच्या कानावर गेलं म्हणून बरं, त्यांनी तिथल्या तिथे औषध थांबवलं. व्हिन्क्रिस्टीन, डॉक्सोरुबिसिन यांसारखी औषधं शिरेबाहेर झिरपली तर कातडी आणि आतलं मांस जाळतात. सूज आपल्याला दिसते त्याआधी जळजळ मुलाला कळते. तेव्हा मुलाला आधीच सांगून ठेवा: जळलं, ताणलं, ओलं वाटलं की लगेच हाक मारायची. रक्त चढताना खाज सुटली, थंडी वाजली, धाप लागली तरी तसंच.

मुलाच्या वतीने आपणच उत्तर देणं. औषध द्यायच्या आधी नाव विचारतात ते उगीच नाही. एका वॉर्डात एकाच नावाची दोन मुलं सहज असतात. पूर्ण नाव आणि केस नंबर मुलालाच सांगू द्या. “तू अमुकच ना?” असं विचारलं तर पेंगुळलेलं मूल कशालाही मान हलवतं.

ताप आल्यावर ओरडणं. ही आमची सगळ्यात मोठी चूक. गौरी जेवणाच्या दिवशी आरतीचं ताट देताना तिचा हात माझ्या हाताला लागला, तर चटकाच बसला. सकाळपासून अंगात ताप होता आणि तिने लपवला होता. का, तर “ताप आला की तू रडतेस, बाबा चिडतात, आणि मला ॲडमिट करतात.” काय बोलणार यावर? न्यूट्रोफिल, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली असताना १००.४ फॅरनहाइट म्हणजे थेट हॉस्पिटल, मध्यरात्र असली तरी. डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल देऊ नका. ताप दबतो, इन्फेक्शन आत वाढत राहतं. त्यानंतर थर्मामीटर तिच्या ताब्यात दिला. काखेत लावून ती स्वतः वहीत आकडा लिहिते. दाराशी बॅग भरलेली असते, त्यात तिची चित्रांची वही आणि चार्जर. आणि ताप सांगितल्यावर घरात कुणी आवाज चढवायचा नाही, हे ठरलंय.

गोळ्यांचं गणित एकट्या आईच्या डोक्यात ठेवणं. मेंटेनन्समध्ये, म्हणजे उपचाराच्या शेवटच्या लांब टप्प्यात, मर्कॅप्टोप्युरिन रोज असते, मेथोट्रेक्सेट मात्र आठवड्यातून एकदाच. ती चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी कोसळतात, जिवावर बेततं. मी दोन दिवस गावी गेले होते. मावशीने मंगळवारी दोन्ही डब्या उघडल्या, तर लेक म्हणाली, “मावशी, ही फक्त शुक्रवारची.” कॅलेंडरवर शुक्रवारी लाल गोल काढायचं काम तिचंच होतं.

डॉक्टरांना राग येईल म्हणून मुलाला गप्प करणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या रुग्ण सुरक्षा दिनाचा विषयच रुग्णांचा सहभाग हा ठेवला होता. मुलं काही त्यातून वगळलेली नाहीत. मूल बोलतच नसेल तर ओपीडीच्या आदल्या रात्री दोन प्रश्न लिहून घ्या. पायाला मुंग्या येणं, शी घट्ट होणं यांसारख्या गोष्टी मोठी मुलं आईबापांसमोर सांगत नाहीत. डॉक्टरांना पाच मिनिटं त्यांच्याशी एकट्याने बोलायला सांगा.

आता याच्या उलटी चूक. ‘मोठी झाली, घेईल तिचं ती’ म्हणून सगळं मुलावर सोपवू नका. या वयात गोळ्या चुकतात, कधी मुद्दाम टाळल्याही जातात, आणि चुकलेल्या गोळ्यांनी आजार उलटू शकतो. आमच्याकडे गोळ्या ती मोजते, गिळताना मी समोर बसलेली असते.