लढाईवर लिहायला बसताय तर आधी हे वाचा (माझा अनुभव)

गेल्या काही महिन्यांत तीन-चार नवीन पेन्शन आलेल्या पोरांनी मला एकच गोष्ट विचारली, दादा लिहायचंय पण लिहायला बसलो की दोन-दोन दिवस झोप लागत नाही, काय करू. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढतो. मी काही डॉक्टर नाही, मोठा लेखक तर अजिबातच नाही, पण या रस्त्याने गेलोय त्यामुळे खड्डे कुठे आहेत ते माहीत आहेत.

मी तोफखान्यातला, रेडिओ ऑपरेटर. १९९९ ला आमच्या तोफा द्रासमध्ये होत्या. मी खाली कमांड पोस्टमध्ये वायरलेस सेटवर आणि माझा जोडीदार ओपी पार्टीबरोबर वर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ओपी म्हणजे इन्फंट्रीबरोबर पुढे जाऊन गोळा कुठे पडला, किती डावीकडे घ्यायचा, किती पुढे टाकायचा हे सेटवरून खाली सांगणारी छोटीशी तुकडी. कारगिलला तोफखान्याने अडीच लाखांच्या वर गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं टाकली असा आकडा नंतर छापून आला, आम्हाला तेव्हा आकडा वगैरे काही कळत नव्हतं, फक्त जमीन हलायची आणि हेडफोनमधून आवाज यायचे.

जूनच्या शेवटी एका रात्री माझ्या त्या जोडीदाराने वरून सेटवर विचारलं, पाणी कधी येतंय. वर पाण्याचे फार हाल होते, बर्फ वितळवून प्यायचे. तेवढ्यात फायर मिशन, म्हणजे गोळे टाकायचा हुकूम, यायचं होतं म्हणून मी म्हणालो, नेट क्लिअर रखो, म्हणजे सेटवर बोलू नको, लाइन मोकळी ठेव. त्यानंतर त्याचा आवाज आलाच नाही, नुसती खरखर. मी चूक केली नव्हती, नियमाप्रमाणे नेट मोकळंच ठेवायचं असतं, हे मला साहेबांनीही सांगितलं, पुढे डॉक्टरांनीही सांगितलं. पण पाणी मागणाऱ्या माणसाला मी गप्प बस म्हणालो, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

युनिटमध्ये असेपर्यंत हे सगळं दबून राहतं. पीटी, रोल कॉल, ड्युटी, बदली, सुट्टी, विचार करायला वेळच नसतो. मी २००९ ला पेन्शन आलो आणि सहा महिन्यांत सगळं वर आलं. घरात कोणी रेडिओचं स्टेशन बदललं आणि मधली ती खरखर ऐकू आली की मला घाम फुटायचा. एकदा मुलीच्या हातातला रेडिओ हिसकावून भिंतीवर फेकला, ती तेव्हा सात वर्षांची होती, तिचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. बायको मला झोपेतून उठवताना हात लावायची नाही, लांब पायाशी उभी राहून अहो, अहो अशी हाक मारायची, कारण एकदा हात लावला तेव्हा मी तिचं मनगट पिरगळलं होतं. अजूनही ती तशीच उठवते. रम तर होतीच, कोटा महिन्याच्या आधी संपायला लागला तेव्हा तिनेच मला धरून दवाखान्यात नेलं.

म्हणून पहिला सल्ला, आणि हा मी कोणाच्याही दबावाखाली बदलणार नाही. आधी डॉक्टर, मग वही. तेच दृश्य परत परत दिसणं, त्या आठवणीच्या जवळ जाणाऱ्या सगळ्या गोष्टी टाळणं, कशातच मन न लागणं किंवा सगळा दोष स्वतःवर घेणं, सतत दचकणं-चिडणं-झोप उडणं, हे सगळं मिळून महिन्याच्या वर चाललं आणि त्याने घरातलं, कामातलं बिघडायला लागलं तर हा पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनाला होणारा आजार, असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. दहा वर्षांनी कसं काय होईल असं म्हणू नका, उशिरा वर येतं हे डॉक्टर लोकांना चांगलं माहीत आहे. पहिल्या महायुद्धात याला शेल शॉक म्हणायचे, १९१५ ला हा शब्द डॉक्टरांच्या लिखाणात आला, आणि पीटीएसडी हे नाव व्हिएतनामनंतर १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचाराच्या यादीत आलं, म्हणजे आजार जुना आणि नाव नवीन. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफर करून घ्या. ते जमत नसेल, किंवा रात्री अपरात्री डोक्यात जिवाचं काही बरं-वाईट करायचा विचार आला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. डोकं फिरलंय म्हणतील या भीतीने मी दीड वर्ष घालवलं आणि खरंच एका नातेवाइकाने तसं म्हटलंही, म्हणू दे.

आता लिहिण्याकडे येतो. मी का लिहायला लागलो ते आधी सांगतो, कारण नवीन माणूस इथेच चुकतो. २६ जुलै, कारगिल विजय दिवस, जवळ आला की शाळेत भाषणाला बोलावतात. मी जायचो, तोलोलिंग, टायगर हिल या शिखरांच्या लढाया सांगायचो, पोरं टाळ्या वाजवायची, सगळं खरंच होतं त्यातलं. पण घरी आलो की त्या रात्री झोप नाही. आपण जे सांगितलं त्यात तो नव्हता, पाणी नव्हतं, खरखर नव्हती. दरवर्षी भाषण जास्त सफाईदार होत गेलं आणि मला आतून जास्त वाईट वाटत गेलं. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, जे भाषणात बोलत नाही ते लिहा, मला दाखवलं नाही तरी चालेल.

दुसरं एक कारण मला नंतर सापडलं. पहिल्या महायुद्धात आपले हजारो शिपाई फ्रान्समध्ये लढले, त्यांनी घरी पत्रं लिहिली, बऱ्याच जणांनी दुसऱ्याकडून लिहून घेतली. त्या पत्रांतलं आज जे वाचायला मिळतं ते बहुतेक इंग्रजांच्या सेन्सॉर ऑफिसने तपासताना काढून ठेवलेले इंग्रजी उतारे आहेत, मूळ पत्रं जवळजवळ गेलीच. हे वाचलं आणि मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. साध्या शिपायाचं मन कागदावर राहिलं ते सेन्सॉरच्या वहीत आणि तेही परक्या भाषेत. आपलं आपण मराठीत लिहून ठेवायला पाहिजे, मग ते छापून येवो नाहीतर पेटीत राहो, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं.

कसं लिहायचं ते सांगतो. सगळ्यात वाईट रात्रीपासून सुरुवात करू नका. मी तीच चूक केली, पहिल्याच दिवशी ती रात्र लिहायला घेतली आणि पुढचे चार महिने वही उघडली नाही. वस्तूंपासून सुरू करा, सेटची बॅटरी, ओले मोजे, गोळ्याच्या रिकाम्या पेट्या, त्यावर बसून आम्ही पत्रं लिहायचो. वीस मिनिटांचा गजर लावा आणि गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी उठा. दिवसा लिहा, रात्री नाही, आणि घोट घेऊन तर कधीच नाही. लिहून झालं की लगेच काहीतरी हाताचं काम, मी झाडांना पाणी घालतो. १९८६ साली पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांकडून लागोपाठ चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या वाईट प्रसंगाबद्दल लिहून घेतलं होतं. ज्यांनी घटना आणि मनातलं दोन्ही लिहिलं त्यांचं दवाखान्यात जाणं पुढच्या महिन्यांत कमी झालं, पण लिहिल्या लिहिल्या लगेच मात्र त्यांना जास्तच वाईट वाटलं होतं. हे आधीच माहीत असलं की घाबरायला होत नाही. पण तो दिवस मावळूनही उतरलं नाही, दोन-तीन दिवस तसंच राहिलं, तर लिहिणं थांबवून डॉक्टरांना फोन करा.

एक गोष्ट मला डॉक्टरांनी दाखवली ती फार कामाची आहे. माझी पहिली पानं सगळी 'येतोय, बोलतोय, पडतोय' अशी होती, म्हणजे ते माझ्यासाठी अजून चालूच होतं. मी मुद्दाम तसं लिहिलं नव्हतं, हात तसाच चालत होता. आठ-नऊ महिन्यांनी एके दिवशी वाचताना दिसलं की एका पानावर 'त्याने विचारलं, मी म्हणालो' असं आलंय. त्या पानावर मी तारीख टाकली आणि बायकोला हाक मारून दाखवलं, तिला व्याकरणाचं कौतुक कळलं नाही पण माझा आवाज ऐकून ती रडली.

छापायचं असेल तर नियम पाळा. सेवेत असताना परवानगी घेतल्याशिवाय छापता येत नाही, आर्मी रूल्स १९५४ मधला नियम २१ बघा. पेन्शन आल्यावरही १९२३ चा गोपनीयतेचा कायदा सुटत नाही, त्यामुळे फ्रिक्वेन्सी, कोड, तोफांच्या जागा असलं काही लिहू नका, शंका असेल तर विचारून घ्या. तसंही वाचणाऱ्याला त्यातलं काहीच लागत नाही, त्याला माणूस लागतो.

आणि जो गेला त्याच्याबद्दल लिहिलं तर आधी त्याच्या घरच्यांना वाचून दाखवा. हे मी फार टाळलं. सोळा वर्षं मी त्याच्या घरी गेलो नव्हतो, कुठल्या तोंडाने जाणार असं वाटायचं. शेवटी वही घेऊन गेलो. त्याच्या आईसमोर बसून वाचलं, पाण्याचंही वाचलं, नेट क्लिअरचंही वाचलं, आवाज कापत होता पण वाचलं. आई काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, बाळा, ते पेटीवर बसून पत्र लिहायचं परत वाच. मी वाचलं, 'उजव्या हातात पेन घट्ट धरून तो लिहायचा.' आई म्हणाल्या, अरे तो डावखुरा होता.

सोळा वर्षं रोज मी त्याला उजव्या हाताने लिहिताना बघत होतो. आईंनी आत जाऊन त्याचं ते शेवटचं इनलँड पत्र आणलं, निळी शाई डावीकडून उजवीकडे ओळीवर ओळ फिसकटलेली, जसा लिहिताना तळहात पुढे सरकत गेला असेल तशी. मी त्यांच्याकडेच पेन मागितलं आणि वहीत 'उजव्या' खोडून 'डाव्या' केलं.