वाढदिवसाला पिल्लू द्यायचंय? आधी हे बघा

सरप्राइज म्हणून पिल्लू देऊच नका. आधी विचारा: दिवसभर घरी कोण असतं? २ महिन्यांचं पिल्लू २-३ तासांपेक्षा जास्त लघवी धरू शकत नाही, रात्रीही उठावं लागतं. सगळेच नऊ ते सात ऑफिसात असतील तर चटई, सोफा आणि शेजारी, तिघांचेही हाल. कुत्रं १०-१२ वर्षं सहज जगतं. दहावीतल्या मुलाला दिलेलं पिल्लू शेवटी आईच फिरवते, तेव्हा होकार तिचा घ्या. घर भाड्याचं असेल तर घरमालकाचाही.

८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू नको. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार ते विकताच येत नाही. किती जोरात चावायचं हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं, त्यामुळे आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू हातांना जोरात चावतं. पहिली लस ६-८ आठवड्यांना, पुढे १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी बूस्टर, रेबीजची ३ महिन्यांनंतर. डोस पुरे होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका, पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा संसर्ग) होऊ शकतो. हस्की ही बर्फाळ प्रदेशातली जात तर आपल्या उन्हाळ्यात नकोच. दिवाळीतही पिल्लू आणू नका, फटाक्यांना बुजलं की ती भीती सहज जात नाही.

एवढं जमत असेल तर वाढदिवसाला पट्टा, वाटी आणि पहिल्या लसींचा खर्च द्या. पिल्लू ज्यांना द्यायचंय त्यांनाच जाऊन निवडू दे.