चिपवाली चाबी करताय? या चुका टाळा

सेकंडहँड गाडी घेताना मालक एकच चाबी देतो आणि घेणारा दुसरी मागत नाही. यवतमाळ-वर्धेकडच्या खेड्यांत हे नेहमीचंच. ती एक चाबी चालू आहे तोवरच दुसरी करून घ्या. एकही चाबी उरली नाही की गाडीचा गुप्त पिन कोड काढा, चाबी नोंदायचं यंत्र असलेल्या टूलवाल्याला नागपूर-अमरावतीहून बोलवा, नाहीतर गाडी टो करून न्या, असा खर्च वाढतच जातो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे नवी चाबी करायला जाताना काही चाब्या घरी ठेवून जाणं. कित्येक गाड्यांत प्रोग्रामिंग करताना, म्हणजे चाबीतली चिप गाडीत नोंदताना, ओळखीच्या चाब्यांची जुनी यादी पुसली जाते आणि समोर असतील तेवढ्याच चाब्या नव्यानं नोंदल्या जातात. कपाटात राहिलेली चाबी मग दरवाजा उघडते, पण इंजिन सुरू होत नाही किंवा क्षणभर सुरू होऊन बंद पडतं. म्हणून पोराकडे पुण्याला असलेली चाबीसुद्धा आधी मागवून घ्या. चाबी हरवली असेल तर मात्र यादी मुद्दाम पुसून घ्या. चोराला दरवाजा उघडता येईल, गाडी नेता येणार नाही.

दुसरी चूक बॅटरीची. उन्हाळ्यात आपल्याकडच्या उन्हात बॅटऱ्या लवकर मरतात, आणि काम अर्ध्यात असताना व्होल्टेज पडलं तर इमोबिलायझर (चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) किंवा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) यांचा डेटा बिघडू शकतो. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. लाइट गेली असेल तर ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा आधार घ्या, पण ट्रॅक्टर बंद ठेवून. ट्रकची २४ व्होल्टची जोडणी चुकूनही लावायची नाही.

भंगारातली चाबी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. एका गाडीला लॉक झालेली चिप बहुधा दुसरीला लागत नाही. चिपचा प्रकारही जुळावा लागतो, आयडी४६ च्या जागी आयडी४७ चालत नाही. फुटलेलं कव्हर बदलताना तर लोक चिप जुन्या कव्हरातच टाकून देतात! ती तांदळाएवढी काचेची नळी किंवा छोटा काळा तुकडा असते. तिला सेल लागत नाही, त्यामुळे रिमोटचा सेल बदलून गाडी सुरू होईल ही आशा सोडा.

पिन अंदाजानं टाकू नका, चुकीचा पिन वारंवार टाकला की काही सिस्टिम लॉक होतात. आरसी आणि ओळखपत्र घेऊन डीलरकडून चेसिस नंबरवरून काढा. कागद न बघता चाबी करून देणारा कारागीर मला तरी पटत नाही.

जुनी चाबी चालते आणि नवी चालत नाही, तर दोष नव्या चाबीत किंवा तिच्या नोंदणीत. दोन्ही चालत नसतील तर इग्निशनभोवतीची चिप वाचणारी अँटेनाची रिंग, तिचं कनेक्टर आणि फ्यूज तपासा. एकाच गुच्छात दोन चिपवाल्या चाब्या असतील तर सुट्या करून बघा. पैसे देण्याआधी प्रत्येक चाबीनं इंजिन सुरू करा आणि रिमोटही दाबून पाहा, कारण बऱ्याच गाड्यांत रिमोटची जोडणी वेगळी करावी लागते.