रास्पबेरी पायवर एडीएस-बी रिसीव्हर: नकाशावर विमानं दिसेपर्यंत

एडीएस-बी ही रेडिओ यंत्रणा बसवलेलं विमान हवेत असताना सेकंदाला साधारण दोनदा आपलं स्थान प्रसारित करतं. वारंवारता १०९० मेगाहर्ट्झ, संदेश ११२ बिटांचा, आणि त्याला कसलंही कुलूप नाही. तो पकडायला टीव्हीसाठी बनलेला स्वस्त यूएसबी डोंगल पुरतो. सॉफ्टवेअर चढवणंही अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. खरी अडचण अशी, की वीज कमी पडली, ड्रायव्हर आडवा आला, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) चुकला किंवा अँटेना नीट जोडलेला नसला, तरी लक्षण एकच दिसतं: रिकामा नकाशा. त्यामुळे एक पायरी तपासल्याशिवाय पुढची चढू नका. अशा रेडिओ संदेशांच्या श्रवणाचे नियम देशागणिक बदलतात, तेही आधी पाहून घ्या.

खाली आज्ञांची आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायची.

सामान

रास्पबेरी पाय हा एका पाटीवरचा छोटा संगणक; त्याचा ३ किंवा ४ घ्या. झीरो २ डब्ल्यूसुद्धा चालतो, पण पहिला झीरो नको, त्याच्यावर प्रोसेसर सतत घामाघूम असतो. डोंगल आरटीएल२८३२यू चिपचा, ट्यूनर आर८२०टी२ असलेला. आरटीएल-एसडीआर ब्लॉगचा व्ही४ वापरणार असाल तर त्याला नवा ड्रायव्हर लागतो. जुन्या लायब्ररीवर तो ओळखला जातो, पण ऐकू काही येत नाही. शिवाय १६ जीबीचं चांगलं मेमरी कार्ड.

पॉवर सप्लायवर मात्र काटकसर नको. पाय ३ ला ५.१ व्होल्ट २.५ अँपिअर, पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर. मोबाइलचा चार्जर आणि लांब बारीक केबल या जोडीने व्होल्टेज पडतं, डोंगल मध्येच गायब होतो आणि दोष सॉफ्टवेअरला लागतो. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही आज्ञा द्या. उत्तर शून्याखेरीज काहीही आलं आणि पाय तापलेला नसेल, तर आधी सप्लाय बदला.

कार्ड आणि ड्रायव्हर

रास्पबेरी पाय इमेजरमधून ‘ओएस लाइट’ कार्डावर लिहा; डेस्कटॉपची गरज नाही. लिहिण्यापूर्वीच सेटिंग्जमध्ये युजरनेम, पासवर्ड, वायफाय आणि त्याचा देश भरा, एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आत शिरण्याची सोय) चालू करा. २०२२ पासून ‘पाय’ हा तयार युजर येत नाही, म्हणून ही पायरी वगळली तर नंतर आत शिरता येत नाही. सुरू झाल्यावर एसएसएचने आत जा आणि ‘एपीटी अपडेट’, मग ‘एपीटी फुल-अपग्रेड’, दोन्ही सुडोसह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने.

आता फक्त डोंगल लावा आणि ‘एलएसयूएसबी’ चालवा. चिप २८३२ असली तरी यादीत रिअलटेक आणि आरटीएल२८३८ असं दिसायला हवं. नसेल तर पोर्ट बदला, एक्स्टेन्शन केबल काढून पाहा. दिसत असेल तर ‘आरटीएल-एसडीआर’ हे पॅकेज टाका आणि ‘आरटीएल_टेस्ट’ चालवा. ‘इंटरफेस क्लेम एरर -६’ आली, तर डोंगल दुसऱ्या कुणीतरी ताब्यात घेतलाय. बहुतेक वेळा हा दुसरा म्हणजे कर्नेलचा टीव्ही ड्रायव्हर, ‘डीव्हीबी_यूएसबी_आरटीएल२८एक्सएक्सयू’. ‘ईटीसी’मधल्या ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरमध्ये ‘कॉन्फ’ शेवटाची फाइल बनवून त्यात ‘ब्लॅकलिस्ट’ आणि पुढे हे नाव अशी एक ओळ लिहा, मग रीबूट करा.

टेस्ट दोन-तीन मिनिटं चालू द्या. सुरुवातीला थोडे बाइट हरवले तर चालतं. ते सतत हरवत राहिले तर यूएसबी किंवा वीज कमकुवत आहे, आणि हे पुढे कुठल्याच सेटिंगने भरून निघणार नाही. झाल्यावर कंट्रोल-सी दाबून टेस्ट बंद करा.

डिकोडर

डिकोडर म्हणजे पकडलेले संदेश उलगडणारं सॉफ्टवेअर. साल्वातोरे सानफिलिप्पो यांच्या डम्प१०९० पासून त्याच्या शाखा फुटत गेल्या. आज नव्याने बसवताना ‘रीडएसबी’ निवडा: त्याची देखभाल चालू आहे आणि ‘टार१०९०’ हा नकाशा त्याच्याशी उत्तम जुळतो. दोन्ही गिटहबवर ‘वीडेहॉप्फ’ या टोपणनावाच्या खात्यात आहेत. ‘एडीएसबी-स्क्रिप्ट्स’ या भांडारातला रीडएसबीचा इन्स्टॉलर आधी उतरवून वाचा, मग सुडोने चालवा; इंटरनेटवरची स्क्रिप्ट डोळे मिटून रूटला, म्हणजे सर्वाधिकारी युजरला, देऊ नये. सोर्सपासून बांधणी होते, म्हणून काही मिनिटं जातात. हाच इन्स्टॉलर टार१०९० पण बसवतो.

एक डोंगल एका वेळी एकच प्रोग्राम वापरू शकतो. आधीचा डम्प१०९०-एफए (डम्प१०९० ची एक शाखा) चालू राहिला असेल तर रीडएसबी उठणारच नाही. जुना ‘सिस्टमसीटीएल’ने थांबवून डिसेबल करा, नुसता थांबवलेला पुढच्या रीबूटला पुन्हा जागा होतो.

मग ‘रीडएसबी-सेट-लोकेशन’ला अक्षांश आणि रेखांश द्या. ते दशांशात हवेत. १२ अंश ३० मिनिटं म्हणजे १२.५, १२.३० नव्हे, ही एक चूक स्थान उत्तर-दक्षिण २२ किलोमीटर सरकवते. दक्षिण आणि पश्चिमेला उणे चिन्ह लागतं. चिन्ह विसरलं तर गंमत पाहा: नकाशाशेजारच्या यादीत विमानं, उंची, वेग सगळं येतं, पण नकाशावर एकही नाही. रीडएसबीला ती हजारो किलोमीटर दूर वाटतात आणि कमाल पल्ल्याच्या बाहेरची म्हणून तो स्थानं फेकून देतो.

नकाशा उघडण्याआधी टर्मिनलमध्ये ‘व्ह्यूएडीएसबी’ चालवा. तिथे ओळी हलताना दिसल्या तर रेडिओपासून डिकोडरपर्यंत सगळं ठीक आहे. तिथे दिसतं पण ब्राउझरमध्ये पायच्या आयपीपुढे तिरपी रेघ आणि ‘टार१०९०’ लिहून काही उघडत नाही, तर दोष वेबसर्व्हरचा. दोन्हीकडे शुकशुकाट असेल तर ‘जर्नलसीटीएल’मध्ये रीडएसबीच्या शेवटच्या ओळी वाचा.

बाकी सेटिंग्ज ‘ईटीसी’मधल्या ‘डीफॉल्ट’ फोल्डरातल्या ‘रीडएसबी’ फाइलीत असतात. तिथे बदल केल्यावर सेवा रीस्टार्ट करावी लागते.

गेन

सर्वात जास्त गैरसमज इथे. जास्त गेन म्हणजे जास्त विमानं, असं नाही. डोंगलचा कन्व्हर्टर (सिग्नलचे आकडे करणारा भाग) ८ बिटांचा आहे. गेन वाढवला की जवळच्या विमानाचा संदेश कापला जाऊन विद्रूप होतो आणि डिकोड होत नाही. कमी ठेवला तर दूरचे संदेश गोंगाटात बुडतात. दूरची विमानं व्यवस्थित पण डोक्यावरचं मध्येच नकाशावरून गळतंय, हे गेन जास्त असल्याचं लक्षण.

ऑटो गेनवर सुरुवात करायला हरकत नाही. हाताने करायचं तर ‘रीडएसबी-गेन’ने ४९.६ ठेवा, दिवसभर चालू द्या आणि ‘ग्राफ्स१०९०’ हे आलेख काढणारं साधन बसवून -३ डीबीएफएसपेक्षा (कन्व्हर्टरच्या कमाल मर्यादेच्या तुलनेत मोजलेला जोर) जोरदार संदेशांचं प्रमाण पाहा. ५ टक्क्यांवर गेलं तर ४८.०, ४४.५, ४३.९, ४३.४, ४२.१ असे एकेक टप्पे खाली या. तुलना एकाच वारी, एकाच वेळची करा, कारण वाहतूक तासातासाला बदलते. अँटेनाजवळ २० डीबीचा अॅम्प्लिफायर असेल तर सुरुवातच ३० च्या आसपास करा.

जवळ मोबाइल टॉवर असेल तर गेन कितीही फिरवा, फरक पडणार नाही. टॉवरचा जोर ट्यूनरला आधीच दाबून टाकतो. तिथे १०९० चा फिल्टर लागतो.

अँटेना आणि केबल

१०९० मेगाहर्ट्झला तरंगलांबी २७.५ सेंटिमीटर, म्हणून पाव तरंग सुमारे ६.९. डोंगलबरोबर आलेली टीव्हीची दांडी एवढी आखूड करून एखाद्या लोखंडी थाळीवर उभी ठेवली तरी फरक दिसतो. घरी बनवायचा असेल तर कनेक्टरच्या मधल्या पिनेवर ६.९ सेंटिमीटरची तांब्याची तार उभी, आणि बॉडीला तेवढ्याच चार तारा ४५ अंशांत खाली झुकलेल्या. संदेश उभ्या ध्रुवणाचे असतात, आडवा अँटेना निम्म्याहून जास्त जोर घालवतो.

सिग्नल सरळ रेषेत येतो. अँटेना १० मीटरवर आणि विमान १०,००० मीटरवर असेल तर रेडिओ क्षितिज सुमारे ४२५ किलोमीटर. तेच विमान १,००० मीटरवर आलं की १४३. समोरची इमारत हे गणित त्या दिशेला संपवते, म्हणून महागड्या अँटेनापेक्षा मोकळी जागा शोधणं फायद्याचं.

केबलची लांबी सिग्नल मुकाट्याने खाते. आरजी५८ मध्ये या वारंवारतेला मीटरमागे सुमारे ०.६ डीबी जातात, म्हणजे १० मीटरला ६ डीबी आणि पल्ला अर्धा. टीव्हीची आरजी६ मीटरमागे ०.२ डीबी घेते. तिचा इम्पिडन्स ७५ ओहम, म्हणजे डोंगलपेक्षा वेगळा असतो, पण तो फरक इथे नगण्य आहे. त्याहून चांगलं, पायच पाणी न लागेल असा अँटेनाजवळ ठेवा आणि खाली इथरनेट आणा. गच्चीवरच्या कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळा, खांब अर्थ करा, आणि बायस-टी (केबलमधूनच अॅम्प्लिफायरला वीज देण्याची सोय) चालू करण्याआधी अँटेना डीसीला शॉर्ट नाही ना ते मल्टीमीटरने पाहा.

डेटा पुढे देताना

ट्रॅकिंग साइट्सना पाठवायचा डेटा पोर्ट ३०००५ वरून ‘बीस्ट’ या बायनरी स्वरूपात घ्या. ३०००३ चा मजकूर वाचायला सोपा, पण त्यात वेळेची नेमकी नोंद राहत नाही. एडीएस-बी नसलेली विमानं एमलॅटने, म्हणजे एकच संदेश वेगवेगळ्या रिसीव्हरना पोहोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून, शोधतात; त्याला साधारण चार रिसीव्हर एकच संदेश ऐकावे लागतात आणि तुमचं स्थान काही मीटरांपर्यंत अचूक, अँटेनाच्या उंचीसह द्यावं लागतं. एमलॅटचे निकाल पुन्हा दुसऱ्या साइटला पाठवू नका, त्यांची गणितं बिघडतात. ही पोर्टं घरच्या नेटवर्कापुरतीच ठेवा, राउटरवर बाहेर उघडू नका.